इलेक्ट्रिक गाडी, एक्स्टेन्शन आणि घरातला सॉकेट : कोकण किनारपट्टीवरील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्या गाड्यांमध्ये आता इलेक्ट्रिक गाड्याही दिसू लागल्या आहेत. गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लागते, सामान उतरते आणि चहा होण्यापूर्वीच कोणीतरी विचारतो, ‘चार्जिंगला कुठे लावू?’ बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर म्हणून खिडकीच्या गजांतून एक एक्स्टेन्शन बाहेर येते. किनाऱ्यालगतच्या घरांत वायरिंगची कामे करताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. आकडे २३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीचे आणि गाडीसोबत मिळणाऱ्या, मोठ्या तीन पिनांच्या प्लगच्या पोर्टेबल चार्जरचे आहेत.

एक्स्टेन्शन कॉर्ड लावून गाडी चार्ज करावी का?

करू नये. चार्जरसोबतच्या माहितीपुस्तिकेत बहुधा हेच लिहिलेले असते, पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातून सहसा बाहेर येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही चार्जिंग केंद्रांवर एक्स्टेन्शन कॉर्ड वापरण्यास मनाई आहे. तो नियम केंद्रांसाठी असला, तरी त्यामागचे कारण घरालाही तितकेच लागू पडते.

त्याच एक्स्टेन्शनवर इस्त्री चालते, पाण्याचा पंप चालतो, मग गाडीनेच काय होणार?

फरक वेळेचा आहे. मिक्सर पाच मिनिटे चालतो, इस्त्री तापली की आपोआप बंद-चालू होत राहते आणि पंप टाकी भरली की थांबतो. गाडीचा चार्जर मात्र ३.३ किलोवॅटचा असेल, तर सुमारे १४ अँपिअर विद्युतप्रवाह क्षणभरही न थांबता रात्रभर घेतो. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी रिकामी असल्यास ती भरायला साधारण दहा तास लागतात. जी वायर अर्ध्या तासात कोमट होते आणि मग निवते, तीच वायर दहा तासांत तापत तापत अशा टोकाला जाऊ शकते, जिथे तिचे आवरण मऊ पडते. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे तर चौपट होते. त्यामुळे ‘थोडेसेच जास्त आहे’ हा हिशेब येथे चालत नाही.

नेमके जळते काय? वायर की सॉकेट?

माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा जोड जळतो, म्हणजे प्लगची पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी जिथे एकमेकींना धरतात ती जागा, किंवा सॉकेटच्या मागचा सैल स्क्रू. समजा, तिथे केवळ ०.१ ओहमचा अडथळा निर्माण झाला, तर १४ अँपिअरला त्या वाटाण्याएवढ्या जागेत सुमारे २० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची सळई साधारण २५ वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये रात्रभर काय चालले आहे याची कल्पना येईल. उष्णतेने पट्टीची पकड ढिली होते, पकड ढिली झाली की अडथळा वाढतो आणि अडथळा वाढला की उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की स्वतःहून थांबत नाही, आणि प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे एमसीबीला, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बोर्डावरच्या स्विचला, त्याचा पत्ताही लागत नाही.

एका घरी मी प्लग उपसून पाहिला, तेव्हा तीनपैकी एकच पिन निळसर तपकिरी झाली होती आणि सॉकेटच्या त्याच भोकाभोवती काजूच्या टरफलासारखा डाग पडला होता. घरच्यांना दोन दिवस वास येत होता, पण तो मासळीचा वाटल्याने कोणी लक्ष दिले नव्हते. ही चूक समजण्यासारखी आहे. सॉकेटच्या काही प्रकारच्या प्लास्टिकला तापल्यावर खरोखरच मासळीसारखा वास येतो, आणि ज्या घरात रोज बांगडा तळला जातो तिथे तो वेगळा ओळखू येणे कठीणच. म्हणून नाकावर विसंबू नये. चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने आणि पुन्हा दोन तासांनी प्लगच्या प्लास्टिकला, पिनांना नव्हे, कोरड्या हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट असणे ठीक. हात ठेववत नसेल तर आधी गाडीतून चार्जिंग थांबवावे, मग स्विच बंद करावा, आणि त्यानंतरच प्लग काढावा.

रात्रीची वेळ आहे, पहाटे निघायचे आहे आणि सॉकेट गाडीपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी काही तरी मार्ग असेलच ना?

पहिला मार्ग म्हणजे गाडी सॉकेटजवळ आणणे. हे सांगायला विचित्र वाटते, पण दोन कुंड्या आणि एक बाकडे बाजूला केले की गाडी पडवीला लागते, असे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरा मार्ग म्हणजे जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी किंवा महामार्गावर असलेल्या चार्जिंग केंद्रावर अर्धा तास थांबणे.

हे दोन्ही अशक्य असेल आणि एखाद्या रात्रीपुरते एक्स्टेन्शन वापरावेच लागणार असेल, तर ते धोका पत्करणेच आहे, हे ओळखून तो कमी कसा करता येईल ते पाहावे. कॉर्ड तांब्याची, तीन तारांची, प्रत्येक तार किमान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची, सलग आणि शक्य तितकी आखूड असावी. तिच्या एका टोकाला १६ अँपिअरचा प्लग आणि दुसऱ्या टोकाला १६ अँपिअरचा एकच सॉकेट असावा. गाडीच्या स्क्रीनवर किंवा चार्जरवर प्रवाह कमी करण्याची सोय असल्यास तो ८ किंवा १० अँपिअरवर आणावा. गाडी हळू भरेल, पण १४ वरून ८ वर आल्यावर जोडातील उष्णता निम्म्याहूनही कमी, जवळपास एक तृतीयांश होते. घरातली माणसे जागी असतानाच चार्जिंग करावे आणि झोपताना बंद करावे.

जाडीने काय फरक पडतो, याचा एक हिशेब देतो. २० मीटर लांबीच्या कॉर्डमध्ये जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर तार असते. ती १ चौरस मिलिमीटरची असेल, तर १४ अँपिअरच्या आसपास तिच्यातच सुमारे १० व्होल्ट खर्च होतात आणि दीडशे वॅटच्या घरात उष्णता निर्माण होते. २.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर हेच आकडे सुमारे ४ व्होल्ट आणि ६० वॅट होतात. बाजारात मिळणारे चार-पाच खाचांचे साधे एक्स्टेन्शन बोर्ड यापेक्षाही बारीक तारेचे असू शकतात. त्यांवर ‘६ अँपिअर’ किंवा ‘१० अँपिअर’ असे छापलेले असते, ते वाचावे. कोणत्याही देशाचा प्लग स्वीकारणाऱ्या सर्वसमावेशक खाचा तर या कामाला अजिबात नकोत. ज्या खाचेत सगळेच बसते, ती कोणालाच घट्ट धरत नाही.

मंडपवाल्याकडे जाड वायरचे रीळ असते. ते चालेल का?

वायर जाड असली, तरी रीळ गुंडाळलेले ठेवून कधीही वापरू नये. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि आवरणे एकमेकांना चिकटतात. चांगल्या रिळावर गुंडाळलेल्या आणि पूर्ण उलगडलेल्या अवस्थेसाठी वेगवेगळी क्षमता छापलेली असते, त्याचे कारण हेच. मंडपवाल्याच्या वायरीत मध्ये मध्ये टेप मारलेले जोडही असतात. ती वायर दिव्यांच्या माळांसाठी ठीक आहे.

मोठ्या प्लगला लहान सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर वापरला तर?

नाही. ६ अँपिअरच्या सॉकेटच्या पाठीमागची वायर आणि पट्टी दोन्ही १४ अँपिअरसाठी केलेल्या नसतात. प्लगचा आकार मोठा ठेवण्यामागचा उद्देशच तो तिथे बसू नये हा आहे.

मग घरी चार्जिंगसाठी नेमके काय बसवून घ्यावे?

मुख्य बोर्डापासून फक्त गाडीसाठी स्वतंत्र वायर ओढावी. ती तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची आणि आयएसआय चिन्हाची असावी. तिच्यावर फ्रीज, पंप किंवा खळ्यातला दिवा जोडू नये. तिच्यासाठी वेगळी एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असावी. सॉकेट १६ अँपिअरचा, आयएस १२९३ या मानकाचा, नावाजलेल्या बनावटीचा आणि नवा असावा. ‘घरात एक पडून आहे’ या सदरातला नको, कारण तो कुठून तरी काढलेला असतो आणि त्याची पकड आधीच गेलेली असते.

चार्जिंग केंद्रांसाठीच्या नियमांत सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा असे म्हटले आहे. आपल्याकडे खळ्यात पाणी साचते, हे लक्षात घेता मी मीटरभर उंची सुचवतो. सॉकेटशेजारी भिंतीत एक मजबूत हूक मात्र विसरू नये. चार्जरच्या मध्यावर जो जड डबा असतो तो अनेक घरांत प्लगवरच लोंबकळताना दिसतो, त्याच्या वजनाने पिना तिरक्या ओढल्या जातात आणि वर सांगितलेला सैल जोड तयार होतो. दोन खिळ्यांच्या खर्चात टळणारे हे नुकसान आहे.

गाडी कायम गावीच असेल आणि रोज चार्ज करायची असेल, तर सॉकेटचा नाद सोडून भिंतीवरचा कायम जोडणीचा चार्जर बसवून घेणे अधिक चांगले. त्याला पिन-पट्टीचा जोडच नसतो. ७.२ किलोवॅटचा चार्जर सुमारे ३२ अँपिअर घेतो, म्हणून त्याची वायर आणि मंजूर भार यांचा विचार वेगळा करावा लागतो.

एमसीबी मध्यरात्री पडते. मोठी बसवून टाकू का?

एमसीबी वायरीचे आणि सॉकेटचे रक्षण करते, गाडीचे नव्हे. १६ ची पडते म्हणून ३२ ची बसवली की ती पडायची थांबते आणि वायर तिच्या जागी जळू लागते. आधी कारण शोधावे. त्याच वायरीवर दुसरे काही चालू आहे का, एमसीबीचा स्क्रू सैल आहे का, लोखंडी पेटी तापते का? पेटी तापली की एमसीबी छापील क्षमतेच्या आधीच पडते, आणि तो तिचा दोष नाही. अशा वेळी चार्जिंगचा प्रवाह कमी करावा.

चार्जरवर लाल दिवा लागतो आणि ‘अर्थिंग नाही’ असे दाखवतो. वायरमन म्हणाला, प्लगमध्ये एक छोटी वायर टाकली की चालू होईल. टाकून घ्यावी का?

या पानावरील सगळ्यांत महत्त्वाचे उत्तर हे आहे. टाकून घेऊ नये, आणि आधीच टाकलेली असेल तर आजच काढावी.

चार्जरचा डबा चार्जिंग सुरू करण्यापूर्वी अर्थची तार खरोखर जमिनीशी जोडलेली आहे का, ते तपासतो. ती नसेल तर तो नकार देतो. हा नकार चुकवण्यासाठी प्लगमध्ये किंवा सॉकेटमागे न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ वायरीच्या एका तुकड्याने जोडले जातात. डबा फसतो, दिवा हिरवा होतो, आणि आता गाडीचा संपूर्ण पत्रा तुमच्या न्यूट्रल तारेला बांधलेला असतो.

न्यूट्रल व्यवस्थित असेपर्यंत काहीच जाणवत नाही. पण कोकणात खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर खाऱ्या वाऱ्याने गंजते, माडाच्या झावळ्यांखाली हेलकावे खाते, आणि तिचा न्यूट्रलचा जोड कधीतरी सुटतो. तो सुटला, की फेजचा, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेचा, दाब घरातल्या चालू उपकरणांतून आणि चार्जरमधून मागे येऊन त्या तुकड्यावाटे गाडीच्या पत्र्यावर जातो. घरात दिवे गेलेले असतात, म्हणून सगळ्यांना वीज गेली असेच वाटते. आणि कोणीतरी ओल्या खळ्यात अनवाणी उभे राहून गाडीचे दार उघडायला जाते.

याहून वाईट शक्यता जुन्या घरांत असते. तिथे अनेक सॉकेटांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. दिवा-पंख्याला त्याने फरक पडत नाही, त्यामुळे चाळीस वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा सॉकेटमध्ये तो तुकडा टाकला, तर गाडीचा पत्रा थेट फेजला जोडला जातो. तिथे काही सुटण्याची वाट पाहावी लागत नाही.

आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला तर लागतो. म्हणजे अर्थिंग चांगले आहे ना?

बल्ब लागतो याचा अर्थ तार तुटलेली नाही, एवढाच. शंभर वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. समजा, तुमच्या अर्थिंगचा अडथळा ५० ओहम आहे. बल्ब जवळपास पूर्ण उजेडाने लागेल. पण गाडीच्या पत्र्याला फेज चिकटला, तर २३० भागिले ५० म्हणजे जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो नेहमीच्या भारापेक्षाही कमी वाटेल, ती पडणार नाही, आणि पत्रा तसाच जिवंत राहील.

अर्थिंग मोजण्यासाठी अर्थ टेस्टर नावाचे उपकरण असते. ते असलेल्या परवानाधारक वायरमनकडून मोजणी करून घ्यावी, आणि आकडा ५ ओहमच्या आत असावा हे उद्दिष्ट ठेवावे. आपल्या जमिनीत ते सहज साधत नाही. जांभ्याच्या कातळावर पाणी ठरत नाही. श्रावणात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमके पाहुण्यांच्या हंगामात, कोरडे पडते. किनाऱ्याच्या पुळणीतही वरचा थर सुकतो. खड्डा विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्याची ओल राहील अशा बाजूला घ्यावा, पाणी घालण्याचे नरसाळे उघडे ठेवावे आणि उन्हाळ्यात त्यात नियमाने पाणी घालावे. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यातील लोखंडी पाइप मिठानेच गंजतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी त्याचा वरचा क्लँप उघडून पाहावा. मी उघडलेल्या क्लँपांपैकी काही हाताने चुरडले गेले आहेत. वर्षातली एकच मोजणी करायची असेल, तर ती मे महिन्यात करावी.

आरसीसीबी असेल तर अर्थिंग कमी चांगले असले तरी चालेल का?

आरसीसीबी असलीच पाहिजे, पण ती अर्थिंगच्या बदल्यात नाही. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती वीज तोडते. वरच्या उदाहरणातील साडेचार अँपिअर तिच्या दृष्टीने प्रचंड असल्यामुळे ती क्षणात पडेल. जांभ्याच्या जमिनीवर म्हणूनच तिचे मोल अधिक आहे. गाडीसाठी ‘ए’ प्रकारची घ्यावी. ‘एसी’ प्रकारची स्वस्त असते, परंतु एकदिश गळतीचा अंश मिसळला तर ती आंधळी होऊ शकते. तिच्यावरचे ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबावे. किनाऱ्यावर आतली यंत्रणा गंजाने अडकते, आणि अडकलेली आरसीसीबी बाहेरून अगदी चांगल्या आरसीसीबीसारखीच दिसते.

पावसात चार्जिंग केले तर चालते का?

गाडीकडची गन, म्हणजे गाडीत खोचायचे चार्जरचे टोक, आणि तिची खाच पावसाचा विचार करूनच बनवलेली असते. घराकडचा तीन पिनांचा प्लग तसा नसतो. आपल्याकडचा पाऊस वरून पडत नाही, तो झडीने आडवा येतो आणि पडवीच्या आतल्या भिंतीपर्यंत पोहोचतो. बाहेरच्या सॉकेटला प्लग आत असतानाही झाकण पूर्ण बंद होईल अशी, किमान आयपी ५५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा झोत सोसणारी, पेटी लागते. प्लग काढल्यावरच झाकण लागते अशी पेटी नुसत्या शोभेची. केबल पेटीत खालून जावी आणि पेटीखाली तिला थोडा झोळ असावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकून जाते. पागोळ्यांच्या रेषेखाली पेटी बसवू नये. प्लगवर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची पद्धत मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. त्या पिशवीत पाणी आत जात नाही हे खरे, पण दमट हवा आणि उष्णता दोन्ही कोंडून राहतात.

खाऱ्या हवेचा एवढा परिणाम होतो का?

होतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात नवी पितळी पट्टी एका पावसाळ्यात काळवंडते आणि तांब्यावर हिरवट थर येतो. हा थर वीज नीट वाहू देत नाही, म्हणजेच जोडातील अडथळा वाढतो. गाडीचा सॉकेट दर वर्षी उघडून पाहावा आणि तीन-चार वर्षांनी बदलून टाकावा. पिना काळ्या झाल्या तर कोरड्या कापडाने पुसाव्यात, पॉलिश पेपरने घासू नयेत, कारण त्यांचा मुलामा निघून जातो.

घर जुने आहे, लाकडी पट्टीतले वायरिंग आणि किटकॅट फ्यूज आहेत. एका पॉवर प्लगवर गाडी लावता येईल का?

त्या वायरिंगवर लावू नये. किटकॅटमध्ये कोणी कधी कोणती तार भरली, हे सांगता येत नाही. मी एकदा त्यातून छत्रीची काडी काढली आहे. शिवाय जुनी वायर पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते, आणि तिचे स्क्रूखालचे जोड काळाने ढिले पडतात. संपूर्ण घराचे वायरिंग बदलण्याचा खर्च नको असेल, तर मीटरजवळून फक्त गाडीची स्वतंत्र वायर, तिची एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग एवढेच नवीन करून घ्यावे. वाशांवरून जाणारी वायर तशीच राहू द्यावी.

चार्जिंग सुरू झाले की घरातले दिवे मंद होतात. हे धोक्याचे आहे का?

दोन ठिकाणी व्होल्टेज मोजावे, मीटरजवळ आणि सॉकेटवर, चार्जिंगपूर्वी आणि चार्जिंग चालू असताना. मीटरजवळच ते खूप उतरत असेल, तर गावातली लाइन लांब किंवा रोहित्रावर भार जास्त आहे, किंवा सर्व्हिस वायरीचा जोड खराब आहे. त्याची तक्रार वीज कंपनीकडे करावी. १९१२ हा तक्रारीचा क्रमांक आहे. मीटरजवळ ठीक असून सॉकेटवर १० ते १२ व्होल्टांहून अधिक उतरत असेल, तर दोष घरातल्या वायरीत किंवा जोडात आहे आणि तो दुरुस्त होईपर्यंत चार्जिंग थांबवावे. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत पंप, टीव्ही आणि आरतीची रोषणाई सगळेच चालू असते, म्हणून गाडी त्यानंतर लावावी.

इलेक्ट्रिक स्कूटरलाही हे सगळे लागू आहे का?

प्रमाण वेगळे आहे. बहुतेक स्कूटरचे चार्जर तीन-चार अँपिअरच घेतात, त्यामुळे चांगला ६ अँपिअरचा सॉकेट त्यांना पुरतो. अर्थिंग आणि पाण्याबाबतचे नियम मात्र तेच. स्कूटर पेंढा, गोवऱ्या आणि सुकी झावळे ठेवलेल्या मांगरात चार्ज करू नये, आणि निघणारी बॅटरी जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दाराशी लावू नये.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर गाडी लावता येईल का?

घरगुती इन्व्हर्टरवर नाही. लहान जनरेटरचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो, म्हणून चार्जर बहुधा अर्थिंगचा दोष दाखवून थांबतो, आणि मग पुन्हा कोणाला तरी तो वायरीचा तुकडा आठवतो.

वादळाचा इशारा असताना काय करावे?

गाडी आदल्या दिवशी भरून घ्यावी आणि वारा सुरू होण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील खांब आडवे झाले आणि अनेक गावांना दीर्घकाळ विजेविना राहावे लागले. अशा वेळी पुरवठा परत येतो तेव्हा तारांची ओढाताण झालेली असते. खांबावरच्या मुख्य लाइनचा न्यूट्रल तुटला असेल, तर घरात २३० ऐवजी बरेच जास्त व्होल्टेज येऊ शकते. वीज आल्यावर आधी एखादा दिवा लावून पाहावा, व्होल्टेज मोजावे, अर्धा तास जाऊ द्यावा आणि मगच गाडी लावावी. मे-जूनमधील वळवाच्या पावसात, विजा चमकत असताना, हाच नियम पाळावा.

पुराचे पाणी सॉकेटपर्यंत आले होते. आता सुकले आहे. वापरावा का?

वापरू नये, बदलावा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर ज्यांनी घरे धुतली, त्यांना भिंतीतल्या पेट्यांमधून किती गाळ निघाला ते आठवत असेल. सॉकेट, एमसीबी आणि आरसीसीबी तिन्ही नवीन घ्यावीत. पाण्यात उभी राहिलेली गाडी कंपनीच्या केंद्रातून तपासून आणल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून वायर खाली सोडली तर?

हे एक्स्टेन्शनच आहे, आणि तेही वाऱ्यावर लोंबणारे, ज्याचा जोड तुमच्या नजरेआड खाली पार्किंगमध्ये असतो आणि जिथे मुले खेळतात. सोसायटीकडे लेखी अर्ज करून आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत नळीतून कायमची वायर आणावी. वायरीची लांबी जास्त असेल, तर जाडी ६ चौरस मिलिमीटर घ्यावी.

महावितरणची परवानगी लागते का?

स्वतःची गाडी घरच्या मीटरवर, घरगुती दराने चार्ज करता येते. मात्र वीजबिलावर छापलेला मंजूर भार पाहावा. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅट असतो, आणि गाडी एकटीच सव्वातीन घेते. भार वाढवण्याचा अर्ज आधी करावा.

आमचे होमस्टे आहे. पाहुणे विचारतात. सोय द्यावी का?

द्यावी, पण सोय म्हणजे खिडकीतून वायर नव्हे. चार्जिंगची सेवा देण्यासाठी वीज कायद्याखालील परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. वाहनतळाशी एक स्वतंत्र, कुलूप लावता येणारा सॉकेट आणि सबमीटर असावा. किल्ली तुमच्याकडे ठेवा, प्लग तुम्ही स्वतः लावा आणि पाहुण्याने आणलेले एक्स्टेन्शन नम्रपणे नाकारा. ‘मुंबईत आम्ही रोज असेच करतो’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवावी.

प्लगमधून धूर निघाला तर?

प्लगला हात लावू नये, पाणी ओतू नये. मुख्य स्विच बंद करावा. आग लहान असेल तर एबीसी पावडरचे अग्निशामक किंवा कोरडी वाळू वापरावी. गाडीच्या बॅटरीतून धूर येत असेल, तर माणसांना दूर न्यावे आणि ११२ ला कळवावे. कोणाला झटका बसला असेल, तर वीज तोडण्यापूर्वी त्याला स्पर्श करू नये. वीज तोडल्यावर १०८ ला फोन करावा, आणि तो शुद्धीवर असला तरीही डॉक्टरांना दाखवावे.

चाकरमानी परत गेले की सॉकेटचे काय करायचे?

एमसीबी खाली करावी आणि पेटीचे झाकण घट्ट लावावे. सॉकेटच्या भोकांत कुंभारीण माशी मातीची घरे करते, मुंग्या वारूळ करतात आणि पेटीत पाल राहायला येते. पुढच्या वेळी गाडी येण्याच्या आदल्या दिवशी, एमसीबी खालीच ठेवून आणि टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून, पेटी वायरमनकडून उघडून साफ करून घ्यावी. मागच्या वर्षी एका घरी ‘पिन आत जात नाही’ म्हणून यजमानांनी प्लगवर बुक्का मारला होता, आणि आतून वाळलेल्या मातीचा भुगा आणि तीन मेलेल्या अळ्या निघाल्या.